सहीचे अधिकार

मुख्याध्यापक कोण होणार याचं हे प्रकरण एका अनुदानित माध्यमिक शाळेतलं. गाव तालुक्याचं, शाळा पाचवी ते दहावी, मराठी माध्यम. अठरा शिक्षक, एक लिपिक, तीन शिपाई. संस्थेची ही एकच शाळा. नावं मी गाळली आहेत, कारण यातली बहुतेक माणसं अजूनही एकमेकांच्या घरच्या लग्नात पंगतीला शेजारी बसतात. मी स्वतः मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. त्याआधी आणि नंतरही काही वर्षं दर रविवारी शालेय व्यवस्थापनाच्या पदविकेच्या वर्गाला शिकवायला जायचो. या प्रकरणातल्या बाई त्या वर्गात पुढून दुसऱ्या बाकावर बसायच्या. म्हणजे मी त्रयस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

३१ मे २०२२ ला शाळेचे जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले. सुट्टी असूनही सगळा स्टाफ निरोपाला आला, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी खुर्चीत कोण बसणार, हे मात्र कुणी उघड बोललं नाही.

खरं तर त्यात गूढ काही नव्हतं. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांना १९७७ चा सेवाशर्तींचा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक व्हायला पदवी हवी, बी.एड. हवं आणि पाच वर्षांचा पूर्णवेळ शिकवण्याचा अनुभव हवा, त्यातली किमान दोन वर्षं बी.एड.नंतरची. ही पात्रता असलेल्यांत जो सेवाज्येष्ठ आणि ज्याची सेवा समाधानकारक, त्याला नेमायचं. बस्स. व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम, परीक्षा, मुलाखत, उमेदवारीचा काळ, यातलं काहीही नियम तेव्हा मागत नव्हते. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक आहे, पण ही संस्था त्यांतली नव्हती.

नावं तीन होती.

मराठीचे सर १९९४ ला बारावी-डी.एड.वर लागले, पाचवी-सहावीच्या वर्गांवर. नोकरी करत २००० ला बी.ए. झाले, २००२ ला बी.एड. गणिताच्या बाई १९९७ ला लागल्या, पण लागतानाच बी.एससी. बी.एड. होत्या. तिसरे विज्ञानाचे धाकटे सर, २०१० चे. एम.एससी. बी.एड., वर शिक्षणशास्त्रात एम.ए., वर व्यवस्थापनाची पदविका, वर दिल्लीच्या राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्राचा ऑनलाइन कोर्स. वय अडतीस.

स्टाफरूममध्ये हजेरीपटावर सगळ्यांत वर नाव मराठीच्या सरांचं असायचं, त्यामुळे ज्येष्ठ तेच, असा वर्षानुवर्षांचा समज. पण मुख्याध्यापकपदासाठी ज्येष्ठता मोजतात ती नियमावलीच्या अनुसूची ‘फ’ प्रमाणे. प्रशिक्षित पदवीधरांच्या ‘सी’ कॅटेगरीत माणूस ज्या दिवशी येतो, तिथून त्याचं घड्याळ सुरू होतं. सरांचं घड्याळ बी.ए.पासून धरा की बी.एड.पासून, ते १९९७ च्या अलीकडेच येतं. म्हणजे बाई पुढे. हे गणित कळायला पाच मिनिटं लागतात आणि पटायला पाच वर्षंही पुरत नाहीत. अनुसूची ‘फ’ने जेवढ्या स्टाफरूम दुभंगल्या असतील तेवढ्या निवडणुकांनीही दुभंगल्या नसतील.

संस्थेला मात्र दोघंही नको होते. सचिव म्हणाले, "आम्हाला काम करणारा माणूस पाहिजे." हे ढोंग नव्हतं. यू-डायसची, म्हणजे सरकारी शाळा-नोंदणीची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, दहावीच्या मुलांचे बोर्डाचे ऑनलाइन फॉर्म, पगाराची ऑनलाइन प्रणाली म्हणजे शालार्थ, सगळं धाकटे सरच बघत. जुन्या मुख्याध्यापकांना संगणक लावता येत नव्हता. शाळा खऱ्या अर्थाने तीन वर्षं तेच चालवत होते.

जून उजाडला. मुख्याध्यापक नाही म्हणजे सही नाही, सही नाही म्हणजे पगारबिल नाही. आपल्याकडे मुख्याध्यापक ‘झाला’ असं लोक म्हणतात ते खुर्चीवरून नाही. शिक्षणाधिकाऱ्यांनी सहीचे अधिकार दिले, की झाला. या पंधरवड्यात सचिव बाईंच्या घरी गेले. बरोबर टाईप केलेला कागद. ज्येष्ठ शिक्षकाला स्वेच्छेने हक्क सोडता येतो, पण ते त्याने शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावं लागतं. तेच ते पत्र. "बाई, तुमची अडीच वर्षं राहिली. कशाला उगाच डोक्याला ताप? तुमचा तास, तुमचं गणित. सुखाने निवृत्त व्हा."

त्या रात्री बाईंचा मला फोन आला. मी काय सांगितलं ते लिहायला अवघड जातंय, पण लिहितो. मी म्हणालो, "द्या सही करून." धाकटे सरही माझ्याच वर्गात शिकून गेले होते. त्यांचं काम मला माहीत होतं. शाळेचं भलं त्यात आहे असं मला मनापासून वाटत होतं. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "सर, मग मी ती पदविका कशाला केली होती?"

चार दिवसांनी शिक्षणाधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली. बाईंनी हक्क सोडत नाही असं लिहून दिलं. मराठीच्या सरांनी आपल्या १९९४ च्या नेमणुकीचा आदेश पुढे केला, तो ठेवून घेतला गेला आणि उपयोगी पडला नाही. ज्येष्ठाला डावललं तर अधिनियमाच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील होतं, हे संस्थेच्या वकिलांनीच सचिवांना समजावलं. जुलैत बाईंना मान्यता मिळाली.

पदविकेत काय होतं

आपल्याकडे मुख्याध्यापक होऊ पाहणाऱ्या शिक्षकाच्या तोंडी पहिलं नाव येतं डी.एस.एम.चं, म्हणजे शालेय व्यवस्थापन पदविकेचं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणत नोकरीतल्या शिक्षकांपर्यंत ती पदविका पोचली. घरी वाचायची पुस्तकं, सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रं, स्वाध्याय, परीक्षा. आडगावातल्या शिक्षिकेला रजा न काढता शिकता आलं, ही गोष्ट लहान नाही. शिक्षणशास्त्राचं एम.ए. आणि इतर ठिकाणच्या तत्सम पदविकाही आहेत. बाईंनी कुठली केली, ते महत्त्वाचं नाही. पुढची तक्रार विद्यापीठाबद्दल नाही, मी जसा शिकवला त्या वर्गाबद्दल आहे.

२००९ ची ती बॅच. मी फळ्यावर नेतृत्वाचे प्रकार लिहायचो: हुकूमशाही, लोकशाही, अनिर्बंध. प्रत्येकाचे फायदे-तोटे सांगायचो. ‘आदर्श मुख्याध्यापकाचे गुण स्पष्ट करा’ हा दहा मार्कांचा हुकमी प्रश्न. बाईंनी चौदा गुण लिहिले होते, मी दहापैकी आठ दिले होते. ‘पर्यवेक्षणाची तत्त्वे’ हा दुसरा हुकमी प्रश्न: पर्यवेक्षण नियोजनबद्ध असावे, वस्तुनिष्ठ असावे, मार्गदर्शक असावे. प्रकल्प असायचा शाळेच्या अंदाजपत्रकाचा नाहीतर वेळापत्रकाचा, जाड पुठ्ठ्यात बांधलेला, सोनेरी अक्षरांचा. एकदा लागोपाठ तीन प्रकल्पांत एकाच शाळेची पटसंख्या आली. मी तिन्हींवर सही केली. रविवारी संध्याकाळची सहाची एस.टी. गाठायची होती.

त्या वर्गात कुणी कधी खरोखरचा मुख्याध्यापक म्हणून एक दिवससुद्धा वावरला नाही. मी त्यांना कुणाच्या तासाला मागे बसवलं नाही, चिडलेल्या पालकापुढे उभं केलं नाही, संस्थाचालकाला नाही म्हणायला लावलं नाही. सगळे शिक्षक म्हणून आले आणि शिक्षक म्हणूनच, हातात एक कागद जास्त घेऊन, परत गेले.

आणि त्या कागदाचा उपयोग तरी काय व्हायचा? नियमात तो नाहीच. बाईंचा २०२२ चा हक्क पदविकेमुळे सिद्ध झाला नाही, १९९७ च्या तारखेमुळे झाला. धाकट्या सरांकडे तीन कागद होते, त्यांना त्यातून काहीच मिळालं नाही. त्या फोनवर बाईंनी पदविकेचा दाखला दिला तो कायदा म्हणून नव्हे. तेरा वर्षांपूर्वी रविवारचे आठवडी बाजार सोडून आपण कशासाठी तरी बसलो होतो, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. माझ्या मते त्या पदविकेने बाईंना दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच: मी या खुर्चीची उमेदवार आहे, असं स्वतःशी म्हणण्याची सवय.

कोरडं पेन

पहिल्या महिन्यातल्या कारभाराच्या अडचणी मी भराभर सांगतो, कारण त्या फारशा मोठ्या नव्हत्या. बँकेत नमुना सही बदलायची राहिली. जूनचं बिल त्रुटीत निघालं. शालार्थचा पासवर्ड भाऊसाहेबांच्या, म्हणजे आमच्या भाषेत लिपिकांच्या, डायरीच्या शेवटच्या पानावर, त्यांच्या मुलीच्या नावाने लिहिलेला सापडला. ‘नव्या मुख्याध्यापकांना प्रशासनाचं प्रशिक्षण कमी पडतं’ असं जे सगळे म्हणतात, ते मला फारसं पटत नाही. चांगला लिपिक असेल तर शालार्थ, शिक्षकांच्या पदांची संचमान्यता, पोषण आहाराचा हिशेब, जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख दुरुस्ती, सगळं सहा महिन्यांत अंगवळणी पडतं. बाईंचं पडलं. गणिताच्या होत्या, आकड्यांना घाबरत नव्हत्या.

अडलं ते दुसरीकडेच.

ऑगस्टमध्ये बाईंनी तास बघायला सुरुवात केली. शाळेचं लॉगबुक त्यांनी आधी चाळलं. मागची पंधरा-वीस वर्षं प्रत्येक तासाखाली एकच ओळ होती: ‘अध्यापन समाधानकारक. फलकलेखन सुवाच्य.’ काही ठिकाणी तर तास ज्या दिवशी बघितल्याची नोंद होती, त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

तिसरा तास, नववी ‘ब’, मराठीचे सर, कविता. बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. सरांचा आवाज खणखणीत, भाषा रसाळ. वीस मिनिटं त्यांनी कवितेचा अर्थ सांगितला, मग फळ्यावर स्वाध्यायाची उत्तरं लिहून दिली. मुलं उतरवून घेऊ लागली. बाईंच्या शेजारच्या बाकावर चार मुलं होती. तीही मान खाली घालून लिहीत होती. बाईंनी वाकून वहीत पाहिलं. उत्तरं आधीच लिहिलेली होती, गाईडमधून, शब्दशः तीच. मुलं कोरडं पेन ओळींवरून फिरवत होती. टोपण लावलेलंच होतं.

बाईंनी लॉगबुकात लिहिलं: ‘उत्तरे फळ्यावर लिहून दिली. मागील चार विद्यार्थ्यांच्या वहीत ती आधीच होती. ते नुसते पेन फिरवत होते. पूर्ण तासात एकाही विद्यार्थ्याने कविता स्वतः वाचली नाही.’

चार वाक्यं, चारही खरी. माझ्या ‘पर्यवेक्षण वस्तुनिष्ठ असावे’ या तत्त्वात चपखल बसणारी. त्यांनी ते लॉगबुक शिपायाच्या हातून सरांच्या सहीसाठी स्टाफरूममध्ये पाठवलं.

मधली सुट्टी होती. लॉगबुक उघडं, टेबलावर, चहाच्या कपांमध्ये. सरांच्या आधी तीनजणांनी वाचलं.

सरांनी सही केली नाही. संस्थेला पत्र गेलं, की ज्येष्ठतेच्या वादाचा सूड उगवला जातोय. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांचा फोन आला. पंचवीस वर्षं एकत्र चहा पिणारे लोक बाई आल्या की उठून वऱ्हांड्यात जायला लागले. पुढचे कित्येक महिने बाईंनी एकही तास पाहिला नाही. दिवाळीत त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हे सगळं सांगून म्हणाल्या, "मी खोटं काय लिहिलं?" काहीच नाही. पण आधी दार लावून बसायचं, एक वही दोघांच्या मध्ये ठेवायची, त्या चार मुलांबद्दल विचारायचं, आणि लिहायचं ते शेवटी, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. ज्या माणसाने आपली खुर्ची हुकल्याचं तोंड अजून वळवलेलं आहे, त्याच्याशी पहिलं वाक्य कुठलं बोलायचं, हे चौदा गुणांत नव्हतं. ते मीच त्यांना शिकवायला हवं होतं, आणि मलाही ते धड येत नव्हतं. माझ्या कारकिर्दीतल्या लॉगबुकांतही ‘समाधानकारक’च सापडेल.

आधीच ऐकलेला फोन

त्याच शैक्षणिक वर्षात, पुढच्या जानेवारीत, शाळेत एक वेगळी गोष्ट घडली. सातवीतल्या एका मुलीने वर्गशिक्षिकेला काही सांगितलं, शाळेबाहेरच्या एका माणसाबद्दल. यापलीकडचा तपशील मी देणार नाही.

वर्गशिक्षिका रडत ऑफिसात आली. बाई मुलीला पुन्हा पुन्हा विचारत बसल्या नाहीत. त्यांनी तिला पाणी दिलं, तिच्या आईला बोलावून घेतलं, आणि तासाभरात पोलीस ठाण्यात कळवलं, १०९८ वर चाइल्डलाइनलाही. लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यात, म्हणजे पॉक्सोमध्ये, कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. हे बहुतेक मुख्याध्यापकांना ऐकून माहीत असतं. माहीत असूनही त्या तासाभरात हात थांबतो.

कारण फोन येतो. बाईंनाही आला. सचिव म्हणाले, आधी आपण बघू, मुलीच्या वडिलांशी बोलू, शाळेचं नाव आहे, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, संध्याकाळी बसू. बाई म्हणाल्या, "साहेब, हा फोन मी आधीच ऐकलाय."

ऐकला होताच. तीन महिन्यांपूर्वी जिल्ह्याला मुख्याध्यापकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. बाकीचा वेळ नेहमीसारखा, पीपीटी आणि जेवण. पण एका महिला पोलीस अधिकाऱ्याने अर्ध्या तासाचा खेळ घेतला. एकीने मुलीची आई व्हायचं, एकाने मुख्याध्यापक, एकाने संस्थाचालक. बाईंच्या वाट्याला संस्थाचालक आला होता. शाळेचं नाव, मुलीचं आयुष्य, संध्याकाळी बसू, ही सगळी वाक्यं त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणून झालेली होती, समोरच्या मुख्याध्यापकाला गप्प करेपर्यंत. जानेवारीत सचिवांनी तीच वाक्यं त्याच क्रमाने म्हटली.

हे प्रकरण लिहायला मी बसलो ते या दोन प्रसंगांमुळे. बाई त्याच, वर्ष तेच. एक गोष्ट त्यांनी वर्षभर शिकून, परीक्षा देऊन, दहापैकी आठ मिळवून आत्मसात केली होती आणि ती पहिल्याच वापरात हातात फुटली. दुसरी त्यांनी अर्धा तास करून पाहिली होती आणि ती ऐन वेळी तयार होती.

धाकट्या सरांची उमेदवारी

हे माझ्या डोक्यात आलं त्याच्या आधी बाईंच्या आलं होतं. फेब्रुवारीपासून त्यांनी पुन्हा तास बघायला सुरुवात केली, पण एकट्याने नाही. धाकट्या सरांना बरोबर घेतलं. त्यांचा रागही होता, हे विसरू नका. हातातली खुर्ची बाईंमुळे गेली असं त्यांना वाटत होतंच, आणि ते पूर्ण चूकही नव्हतं.

दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसत, वेगवेगळं लिहीत, मग ऑफिसात कागद शेजारी ठेवून ताडून पाहत. बाईंच्या कागदावर काय चुकलं ते असायचं. सरांच्या कागदावर मुलं काय करत होती ते, मिनिटांसकट. दहा वाजून चाळीस: खिडकीजवळच्या दोघी पुस्तकाचं पान उलटत नाहीत. शिक्षकाशी बोलणं आधी धाकटे सर करून पाहत, बाई ऐकत. नंतर उलट. भूगोलाच्या बाईंनी पहिल्यांदा स्वतःहून "माझा तास बघा" असं म्हटलं तो जून २०२३. सगळ्यांनी म्हटलं असं मी सांगणार नाही. अठरापैकी सहा-सातजण आले, बाकीचे वऱ्हांड्यातच राहिले.

मग बाईंनी त्यांना एकेक जबाबदारी द्यायला सुरुवात केली, सही आपली ठेवून. दहावीची पालकसभा त्यांनी घ्यायची. वेळापत्रक त्यांनी लावायचं आणि ज्याचा शेवटचा तास आला त्याची कुरकुरही त्यांनीच ऐकायची. एका पालकाने दाखल्यावरून ऑफिसात आरडाओरडा केला तेव्हा बाई उठून शेजारच्या खोलीत गेल्या, दार अर्धं उघडं ठेवून. धाकट्या सरांनी मला नंतर सांगितलं, की तीन अभ्यासक्रमांत मिळून जेवढं शिकलो नाही तेवढं त्या वीस मिनिटांत घाम फुटून शिकलो.

कागदावर याला काही नाव नाही. त्यांच्या सेवापुस्तकात याची एक ओळही नाही.

अमेरिकेत इलिनॉय राज्याने हेच काम रीतसर नाव देऊन केलं. तिथे मुख्याध्यापक व्हायला प्रमाणपत्र लागायचंच. ‘टाइप ७५’ नावाचं ते प्रमाणपत्र पगारवाढीसाठी हजारो शिक्षक घेऊन ठेवत, मुख्याध्यापक व्हायचं नसतानाही. ओळखीचं वाटतं ना? २०१० मध्ये राज्याने कायदा करून ते मोडीत काढलं, २०१४ पर्यंत जुने अभ्यासक्रम बंद केले. नव्या अभ्यासक्रमात प्रवेशाआधी प्रत्यक्ष मुलाखत. विद्यापीठाने एकट्याने शिकवायचं नाही, शाळा चालवणाऱ्या जिल्ह्यांबरोबर मिळून शिकवायचं. आणि खऱ्या शाळेत, खऱ्या मुख्याध्यापकाच्या हाताखाली, खरी कामं करत उमेदवारी करायची. प्रवेश घेणाऱ्यांची संख्या दणदणीत घसरली. त्यावरून तिथे वाद झाले, अजून आहेत. पण आता जो येतो तो खुर्चीसाठी येतो.

आपल्याकडे दिल्लीचं राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र २०१२ पासून आहे. त्याच्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात सात क्षेत्रं आहेत आणि प्रशासन हे त्यातलं फक्त एक, हे मला फार आवडतं. राज्यात छत्रपती संभाजीनगरला ‘मिपा’, म्हणजे शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राज्याची संस्था, आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांनी वर्षाला किमान पन्नास तासांचं प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलं आहे. पण हे सगळं बहुतेक त्यांच्यासाठी, जे आधीच बसलेत. जिल्हा परिषदेकडे २०२२ मध्ये केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्यांच्या, निम्म्या जागा मर्यादित परीक्षेने भरायचं ठरलं, म्हणजे तिथे निदान एक दार वेगळं पाडलं गेलं. खासगी अनुदानित शाळेत बसण्याआधीचा माणूस कुणाच्याच यादीत नाही.

मग ज्येष्ठता काढून टाका, असं माझे काही मित्र म्हणतात. मी म्हणत नाही. या प्रकरणात सचिवांच्या मनातला माणूस खरोखर लायक निघाला हा योगायोग. मी अशा संस्था पाहिल्या आहेत जिथे ‘काम करणारा माणूस’ म्हणजे अध्यक्षांचा मेहुणा असतो. १९७७ चा कायदा अशा मेहुण्यांपासून शिक्षकांना वाचवायलाच आला. निवड समिती नेमली तर त्या समितीत कोण बसेल हे तालुक्यातल्या कुणालाही सांगता येईल. माझं म्हणणं एवढंच, की ज्येष्ठता यादीतल्या पहिल्या चार-पाचजणांना खुर्ची यायच्या दोन वर्षं आधी शेजारच्या शाळेत, दुसऱ्या मुख्याध्यापकाच्या हाताखाली, सही सोडून सगळं करायला लावा. ज्याला झेपणार नाही तो स्वतःच, सचिवांच्या टाईप केलेल्या कागदाशिवाय, हक्क सोडेल. हे म्हणताना मला कळतं, की त्या उमेदवारीचाही पुठ्ठ्यात बांधलेला प्रकल्प करायला आपल्याला फार वेळ लागणार नाही.

चार्ज

बाई ३० नोव्हेंबर २०२४ ला निवृत्त झाल्या. शनिवार होता, सकाळची शाळा. यादीत पुढचं नाव मराठीच्या सरांचं. यावेळी वाद नव्हता, सुनावणी नव्हती. धाकटे सर त्यांच्याही खूप खाली आहेत, आणि मधे इतरजण आहेत.

समारंभ आटोपल्यावर चार्ज द्यायला ऑफिसात बसले. बाईंनी मलाही थांबवून घेतलं. भाऊसाहेबांनी चार्जयादी तयार ठेवली होती: कपाटाच्या किल्ल्या, गोल शिक्का, चेकबुकं, जनरल रजिस्टरचे खंड, सेवापुस्तकं, डेडस्टॉक. सर एकेक वस्तू बघत, ‘मिळाले’ लिहीत, सही करत पुढे जात होते. सव्विसाव्या नंबरला लॉगबुक होतं. सरांनी ते उघडलं. ऑगस्ट २०२२ चं पान त्यांना शोधावं लागलं नाही.

चारही वाक्यं तिथेच होती. खाली ‘शिक्षकाची स्वाक्षरी’ असं छापलेलं आणि पुढे रिकामी जागा. भाऊसाहेब हळूच म्हणाले, "सर, ती एक सही राहिलीय, तपासणीत दाखवतील." सरांनी पान थोडा वेळ तसंच धरलं. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मग सरांनी लॉगबुक मिटलं, यादीवर सव्विसाव्या नंबरापुढे ‘मिळाले’ लिहून मुख्याध्यापक म्हणून सही केली आणि म्हणाले, "पुढे काय आहे?"

पुढे शालार्थचा पासवर्ड होता.